टाकीच्या झाकणावरचं कुंकू

शालिनी दातीर भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको, की वसुधाबाईंनी आपल्या शेजारणीला उगाच शूरवीर करून ठेवलं. पाल चुकचुकली तर ती हातातलं काम खाली ठेवते. नवरा घराबाहेर पडला की त्याला मागून हाक मारत नाही, मग तो डबा विसरलेला असला तरी. त्या डब्यासाठी फाटकापर्यंत पळायचं मी. चंदीगडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. त्यामुळे तिच्या भीत्या मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि पुष्कळदा तिच्यावर खेकसलेही आहे. माझा स्वभावच तसा आहे.

तिचा नवरा विनायक दातीर आमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री. माझे यजमान त्याच संस्थेत हिशेबाच्या कामाला. संस्थेच्या आवारात हिरवळ एवढी, की पावसाळा सरला तरी माळ्यांना कापता कापता नाकी नऊ यायचे. त्यासाठी एक परदेशी बनावटीचं गवत कापायचं मशीन होतं आणि ते विनायकभावजींच्या ताब्यात असायचं. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकीत ओतायचं, दोरी ओढायची, की निळा धूर सोडत सुरू. भावजींचा त्या मशीनवर फार जीव. करनैल सिंग नावाचा माळी ते चालवायचा, पण संध्याकाळी पुसायचे मात्र भावजी स्वतः.

घरात तिसरं माणूस म्हणजे भावजींच्या आई, माई. आणि पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात चौथं आलं, भावजींची धाकटी बहीण पद्मिनी. तिचा नवरा नगरकडे गुऱ्हाळावर इंजिन चालवायचा. चालत्या पट्ट्यात धोतराचा सोगा सापडला आणि माणूस गेला. पद्मिनी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. ती काही महिने सासरीच राहिली, मग एक दिवस नेसत्या लुगड्यानिशी निघून थेट भावाकडे आली. का आली, ते तिने माईंना सांगितलं नाही. शालिनीला सांगितलं, आणि शालिनीच्या पोटात काही राहत नसल्यामुळे मला कळलं. धाकट्या दिराने तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली होती. ती दाराला पाटा लावून झोपायची.

हे ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "माईंना सांग ना स्पष्ट." शालिनी म्हणाली, "वन्संनी शपथ घातलीय वहिनी. आणि माईंना सांगून त्यांना पटायचं नाही. त्या म्हणतील, हिनेच काही केलं असेल." खरंच होतं ते. माई म्हणजे काही दुष्ट बाई नव्हे, पण बायकांच्या बाबतीत त्यांचा कौल आधीच ठरलेला असायचा. दिराचे निरोप येत होते, "वहिनींना पाठवा, हक्काचं घर आहे," आणि माई मान डोलवत होत्या. दिवाळीआधी पद्मिनी परत जाणार की राहणार, एवढाच प्रश्न त्या घरात होता. तो कोणी मोठ्याने विचारत नव्हतं.

अशात नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा. भावजी दरवर्षी वर्कशॉपमधून पाने-पकडी, हातोड्या आणायचे, आणि ते मशीनही ढकलत घरापुढे आणायचे. पूजा शालिनी करायची, म्हणजे तिच्या पद्धतीने. इंजिन बंद असलं तरी ती त्याला भ्यायची; लांबूनच हात करून मशीनच्या दांड्याला कुंकवाचं बोट टेकवायची आणि मागे सरायची. त्या वर्षी नेमकी तिची पाळी आली, ती बाजूला बसली होती. माईंचे गुडघे धरलेले, त्यांना खाली वाकता येईना. भावजी सहज म्हणाले, "पद्मे, तू कर. इथं परमुलखात कोण बघतंय?"

पद्मिनी बिचकली. माईंकडे तिने पाहिलं. माई खुर्ची फिरवून बसल्या. मी कुंपणापलीकडे उभी होते, मला तेव्हाच ते बरं वाटलं नाही.

पण पद्मिनीने पूजा केली हो, मनापासून केली. कित्येक महिन्यांनी कोणीतरी तिला शुभ कामात हात घालू दिला होता. आणि तिला इंजिनाची भीती नव्हती. दांडाबिंडा नाही, तिने सरळ इंजिनाचा माथा गाठला. तिथे पेट्रोलच्या टाकीचं गोल, चकचकीत झाकण होतं. त्याच्या बरोबर मध्यावर तिने तेलात कालवलेल्या कुंकवाचा जाड टिळा लावला, वर अक्षता दाबल्या, झेंडूचं फूल ठेवलं. हात जोडून बराच वेळ उभी राहिली. करनैल सिंग सायकल धरून बघत होता. "वाह बहनजी, मशीन तो दुल्हन बन गई," तो म्हणाला, आणि माईंचा चेहरा आणखीच आवळला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं.

बंद म्हणजे एकदम नाही. सुरू झालं पहिल्याच ओढीला. करनैल सिंगने हिरवळीवर काही फेऱ्या मारल्या आणि मग त्याचा आवाज बारीक होत गेला. ताकद अशी गेली की पाती गवतातच अडकली, आणि दोन-चार ठसके देऊन सगळं थांबलं. भावजींनी झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, दोरी ओढली, तर बेटं पुन्हा सुरू! तेवढ्याच फेऱ्या झाल्या आणि परत तेच. दिवसभर हाच खेळ चालला. संस्थेत बाहेरचे पाहुणे यायचे होते आणि हिरवळ अर्धी कापलेली, अर्धी वाढलेली.

त्या रात्री जेवताना भावजींनी घरी सांगितलं, आणि माईंनी ताट सारलं. "तिच्या हातचं कुंकू इंजिनाला लागलं," त्या म्हणाल्या. "एक इंजिन तिने आधी पाहिलंय. आता माझ्या पोराच्या इंजिनाला हात लावला." पद्मिनी वाढत होती. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि ती आत गेली. शालिनी लांब बसून सगळं ऐकत होती, तिनेच मला सकाळी सांगितलं.

"वहिनी, खरंच तसं असेल का हो?"

"तुझं डोकं असेल तसं," मी म्हटलं.

भावजी मात्र इंजिनाच्या मागे लागले. त्यांनी प्लग काढला. तो कोरडा आणि पांढुरका निघाला. त्याचा अर्थ त्यांनी माझ्या यजमानांना समजावला: इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. आणि टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, कारण ते त्यातच असतं. असं उपाशी इंजिन ओढत राहिलं तर पिस्टन तापून आत चिकटून बसायचा आणि मशीन कायमचं जायचं. मग त्यांनी कार्बोरेटर खोलून धुतला, हवेची जाळी धुतली. पेट्रोलची नळी काढून पाहिली, धार सणसणीत येत होती. सायलेन्सरमध्ये साचलेला कोळसा खरवडून काढला. नवं पेट्रोल, नवं ऑइल, माप काटेकोर. सगळं जोडलं, सुरू केलं. थोड्या वेळात आवाज बारीक झाला आणि मशीन थांबलं.

इकडे घरात माईंचं सुरू होतं. आमच्या ओळखीचं एक कुटुंब कोजागरी झाल्यावर नगरला जायला निघणार होतं. माईंनी त्यांच्याबरोबर पद्मिनीला पाठवायचं ठरवून टाकलं. भावजींना विचारलंसुद्धा नाही. आणि भावजी असे, की आईपुढे त्यांचा शब्द फुटायचा नाही. ते म्हणायचे, "इंजिनाचं कारण सापडू दे, मग माईचं तोंड आपोआप बंद होईल." सगळी भिस्त त्यांनी त्या कारणावर ठेवली होती. पद्मिनी दुपारची मागच्या दारी बसून राहायची. एकदा मी गेले तर ती पाट्याकडे बघत होती. वाटण वगैरे काही नव्हतं तिच्यासमोर. नुसती बघत होती. मला तिथे थांबवेना.

कोजागरीच्या आदल्या दिवशी कारण सापडलं. मशीन पुन्हा थांबलं तेव्हा भावजी इतके वैतागले होते, की त्याच्याशेजारी गवतातच बसले. बसल्या बसल्या त्यांनी टाकीचं झाकण हळूहळू फिरवलं, आणि कान जवळ होता म्हणून त्यांना ऐकू आलं: आत हवा घुसल्याचा बारीकसा आवाज. त्या झाकणाच्या मध्यावर सुई जाईल एवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत जायला लागते. नाही गेली तर पेट्रोल उतरायचंच थांबतं. ते भोक पद्मिनीच्या टिळ्याखाली बुजलं होतं. भावजी दरवेळी झाकण उघडून पेट्रोल बघत होते, म्हणजे दरवेळी नकळत हवा देत होते, म्हणून मशीन पुन्हा चालत होतं. आणि इतके दिवस सगळं मशीन चार-चारदा पुसताना त्यांनी तो टिळा तेवढा राखून पुसलं होतं. पूजेचं कुंकू कोण पुसणार? करनैल सिंगने एकदा फडकं नेलं, तर यांनीच त्याचा हात धरला होता.

भावजी अक्षरशः धावत घरी आले. शालिनी एव्हाना न्हाऊन घरात आली होती, आणि मी तिच्याकडे दुधाचा मसाला मागायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोरच झालं. "माई, सापडलं!" ते झाकण हातात नाचवत म्हणाले. "भोक बुजलं होतं, कुंकवाने! बाकी काहीसुद्धा नाही!" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की मला त्यांची कीव आली. हा भला माणूस इंजिनाचं कारण सांगायला आला होता, आणि समोर बसलेल्या बाईला दुसरंच काही ऐकू जाणार होतं.

"म्हणजे तिच्याच कुंकवाने ना?" माई म्हणाल्या. "मी काय वेगळं म्हणत होते?"

भावजींचा हात खाली आला. तेव्हा पद्मिनी स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. तिचा आवाज मी इतका सरळ कधी ऐकला नव्हता.

"दादा, वहिनींनी तिथंच लावलं असतं, तर बुजलं नसतं का?"

"कुणीही लावलं तरी बुजणारच की गं."

"कुणीही?" माई काठी टेकत उठल्या. "सवाष्णीच्या हाताने असलं काही होत नसतं. लावू दे शालिनीला. तिथंच लावू दे, माझ्यासमोर. मशीन चाललं तर ही परवा त्या लोकांबरोबर जाईल. आणि बंद पडलं तर मी पुन्हा तिचं नाव काढणार नाही."

भावजी काही म्हणणार तोच त्यांचं लक्ष शालिनीकडे गेलं. माझंही गेलं. ती पांढरीफटक पडली होती. मला कळायला क्षणभर लागलं. शालिनी काही माझ्यासारखी नाही. तिला हे सगळं खरं वाटतं. तिच्या कुंकवाने मशीन थांबणं म्हणजे तिच्या लेखी काय, आणि ते कुणावर येणार, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तो माणूस तिच्यासमोर उभा होता, हातात झाकण घेऊन.

दुपार कलली होती. घरापुढच्या गवताच्या पट्ट्यावर भावजींनी मशीन आणलं. झाकण पुसून, टाचणीने भोक मोकळं करून त्यांनी ते टाकीवर बसवलं. माई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या. पद्मिनी उंबऱ्याच्या आत, खांबासारखी. करनैल सिंग फाटकाशी टेकून होता, त्याला या सगळ्याचा पत्ता नव्हता. डोंगराकडून गार वारा सुटला होता.

शालिनी कुंकवाची कोयरी घेऊन आली. मी मनात म्हटलं, झालं. ही नेहमीसारखी लांबून बोट टेकवणार, भोक उघडंच राहणार, मशीन भकाभका चालणार, आणि परवा पद्मिनी गाडीत बसणार. मी तिला दोषही देणार नव्हते. पाल चुकचुकली तर थरथरणारी बाई ती. नवऱ्याच्या जिवावर येईल असं वाटत असताना कोणती बाई करेल?

तिने कोयरीत तेलाचे थेंब टाकले. कुंकू कालवलं. मग ती इंजिनाच्या इतकी जवळ गेली, की तिचा पदर त्याला लागला. तिने बोट वापरलं नाही. अंगठ्यावर कुंकवाचा गोळा घेतला आणि झाकणाच्या मध्यावर ठेवून दाबला. दाबला आणि फिरवला. तिच्या नखाचा रंग गेला इतका दाबला. मी दोन हात अंतरावर उभी होते, मी पाहिलं. पद्मिनीनेही पाहिलं, कारण तिने तोंडावर हात ठेवला. माई खुर्चीवर होत्या, त्यांना शालिनीची पाठ दिसत होती.

भावजींनी दोरी ओढली. मशीन सुरू झालं.

कुंपणापर्यंत गेलं, वळलं, आलं. पुन्हा गेलं. गवताचा ओला वास सुटला, निळा धूर वाऱ्याने आमच्याकडे येत होता. आवाज कसा खणखणीत! माईंच्या चेहऱ्यावर समाधान यायला लागलं. शालिनी डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते. काय म्हणत होती, देव जाणे. मशीन थांबू दे म्हणत होती की चालू दे, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि मी नंतरही विचारलं नाही. फेऱ्या होत राहिल्या. मी माझ्याच पदराचं टोक पिळत होते.

मग आवाज बारीक झाला. भावजींनी मान वर केली. इंजिनाला एक ठसका लागला, दुसरा लागला. पाती गवतात अडकली आणि सगळं शांत झालं.

करनैल सिंग म्हणाला, "फिर वही गड़बड़?" माई काठीवर भार देऊन उठल्या. त्यांनी पद्मिनीकडे पाहिलंच नाही. शालिनीकडे पाहत म्हणाल्या, "पुसून टाक ते," आणि म्हटल्याबरोबर त्यांनीच जीभ चावली, कारण सवाष्णीला कुंकू पुसायला कोणी सांगत नाही. तो शब्द तोंडातून गेला होता. शालिनीने पदराने झाकण पुसलं. भावजींनी झाकण फिरवलं, आत हवा गेली, दोरी ओढल्यावर मशीन पुन्हा खणखणीत चालायला लागलं. पण ते पाहायला माई बाहेर नव्हत्या.

ते कुटुंब कोजागरीनंतर नगरला गेलं, पद्मिनीशिवाय गेलं. माईंनी शब्द पाळला, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पुढे पद्मिनीला संस्थेच्या पाळणाघरात काम मिळालं. आता सहा वर्षं होतील, ती तिथल्या पोरांना ओरडून ओरडून माझ्याइतकीच कडक झाली आहे. दिराचे निरोप यायचे थांबले.

त्याच हिवाळ्यात भावजी आजारी पडले. साधा ताप म्हणता म्हणता विषमज्वर निघाला. माईंनी शालिनीला सांगितलं, "तू त्याच्या खोलीत जाऊ नकोस." एवढंच सांगितलं. औषधपाणी, पेज, अंग पुसणं सगळं पद्मिनीकडे. शालिनी बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची आणि आतल्या ग्लानीतल्या बोलण्याकडे कान लावायची. मी रोज तिच्याजवळ जाऊन बसत होते. मी म्हटलं, "अगं, डॉक्टर सांगतात पाण्यातून येतो हा ताप. अर्ध्या चंदीगडला आलाय." तिने मान हलवली. मग माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, यांना काही झालं तर मला काय म्हणायचं ते म्हणू देत. पण वन्संना तिकडं पाठवू देऊ नका. मला वचन द्या."

मी वचन दिलं. ही बाई माझ्यासारखी असती, तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नसता, तर तिने केलं त्यात मोठं काय होतं? पण तिचा विश्वास होता. नवऱ्याचा जीव जाईल असं वाटत असतानाही तिने तो अंगठा दाबला होता. मला आयुष्यात कधी कोणाचा इतका आदर वाटला नाही, आणि इतकी भीतीही.

भावजी बरे झाले. मशीनही अजून चालतंय. पण वर्कशॉपमधून यायला त्यांना थोडा जरी उशीर झाला, तरी शालिनी फाटकाशी येऊन उभी राहते आणि रस्त्याकडे बघत राहते. माई आता खूप थकल्यात, खिडकीशी बसून असतात. मी माझ्या व्हरांड्यातून बघते. मुलाची वाट दिसते त्या खिडकीतून, पण माई तिकडे बघत नाहीत. त्या शालिनीकडे बघत असतात.